भगवतींचा कर, महाराजांचा करारनामा आणि माझं काउंटर

धागाकर्ता : रावपुराकर

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर मी एकोणीस वर्षं बसलो. बँक कुठली ते सोडा, सगळीकडे टेबल तेच आणि पंखाही तोच. ऑगस्ट आला की परदेशी शिकायला निघालेल्या पोरांची रांग लागायची. बाप फॉर्म भरणार, आई पिशवीतून एकेक कागद काढून देणार आणि ज्याला जायचंय तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा. ट्रॅव्हलर्स चेकांवर एकेक सही माझ्यासमोर करून घ्यायची, मग पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर किती डॉलर दिले ते शाईने लिहून शिक्का मारायचा. शाई वाळेपर्यंत मी पान मिटू देत नसे. दांडिया बाजारातली एक बाई आठवते. सगळं उरकल्यावर ती त्या पानावर हळूहळू फुंकर घालत बसली होती, पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालतात तशी. मागे रांगेत सात जण. मी काही बोललो नाही.

त्याच टेबलावर मालाचेही कागद यायचे. मकरपुरा जीआयडीसीतून व्हॉल्व्ह, पंप बाहेर जायचे. त्यांची निर्यातबिलं, लेटर ऑफ क्रेडिट (गिऱ्हाइकाच्या बँकेची पैशांची हमी), बिल ऑफ लेडिंग (जहाजात माल चढल्याची पावती). डाव्या ट्रेत माल, उजव्या ट्रेत माणसं. मालाची फाइल सरळ असते. डॉलर आले, बिल वठलं, फाइल कपाटात. माणसाची फाइल काही मिटत नाही. ज्या पोराला दोन वर्षांपूर्वी डॉलर दिले त्याचाच पहिला भरणा बापाच्या खात्यात यायचा. मग एनआरई, म्हणजे परदेशस्थ भारतीयाचं, खातं. मग फ्लॅटचे हप्ते. मग कधीतरी आईच्या बायपासचे पैसे. आणि एक दिवस मृत्यूचा दाखला घेऊन तो स्वतःच समोर उभा, नॉमिनीचा फॉर्म मागत.

निवृत्तीनंतर अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती वाचायला घेतले आणि लक्षात आलं की हा प्राध्यापक आयुष्यभर माझ्या त्या दोन ट्रेंबद्दलच लिहीत होता.

भगवतींचा जन्म १९३४ चा, मुंबईतला. घर गुजराती, भाऊ पी. एन. भगवती पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. सिडनहॅम, मग केंब्रिज, मग एमआयटी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला भारतात परतले, आधी भारतीय सांख्यिकी संस्थेत आणि मग दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. १९६८ ला पुन्हा एमआयटी, १९८० पासून कोलंबिया. म्हणजे गडी स्वतः गेला, आला, परत गेला. स्थलांतरावर लिहायला आणखी काय पात्रता हवी?

व्यापारातलं त्यांचं पहिलं गाजलेलं काम १९५८ चं, वय तेवीस-चोवीस. उत्पादन वाढवूनही देश गरीब कसा होऊ शकतो, हे त्यात दाखवलंय. एखादा देश जगाला मुख्यतः एकच माल विकत असेल आणि त्याने तो आणखी पिकवला, तर जगातला भाव इतका पडू शकतो की जास्त विकून हाती कमीच उरतं. मला मात्र त्याहून १९६३ चा लेख आवडतो, व्ही. के. रामस्वामींबरोबर लिहिलेला. खोट देशातल्या बाजारात असेल तर ती तिथेच दुरुस्त करा, आयातकर लावून झाकू नका, असं त्याचं म्हणणं. स्वयंपाकघरातला नळ गळतोय म्हणून प्लंबर गच्चीवरच्या टाकीची तोटी बंद करून निघून गेला, तर गळणं थांबेल हो, पण भांडी कोण घासणार? १९७० मध्ये पत्नी पद्मा देसाईंबरोबर त्यांनी परमिट राज्याची चिरफाड केली. त्यातलं बरंच १९९१ नंतर सरकारच करायला लागलं.

इतका कट्टर खुल्या व्यापाराचा वकील. आणि हाच माणूस सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला म्हणतो, गरीब देशांतून श्रीमंत देशांत गेलेल्या डॉक्टर, इंजिनिअर मंडळींच्या तिकडच्या उत्पन्नावर दहा टक्के जादा कर लावा, पहिली दहा वर्षं, आणि तो पैसा गरीब देशांकडे वळवा.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चष्मा पुसला. मालाला मोकळं रान आणि माणसाला कर?

दोन-तीनदा वाचल्यावर उलगडा झाला. जाऊ देऊ नका असं ते कुठेच म्हणत नाहीत. पण व्हिसा मोजके असतात आणि मोजक्या वस्तूला प्रीमियम येतो. परमिट राज्यात आयातीचा परवाना ज्याच्या हाती त्याला नुसत्या कागदाचे पैसे मिळायचे, हे माझ्या वयाच्यांना सांगायला नको. व्हिसा तसलाच परवाना. दाराशी उभ्या असलेल्या शंभरातून ज्याला आत घेतलं त्याची कमाई एकदम कैक पट होते. त्या फरकातला एक तुकडा मागे राहिलेल्यांसाठी काढा, एवढीच मागणी. पुढे त्यांनी मांडणी बदलली: अमेरिका आपल्या नागरिकांना जगात कुठेही असले तरी कर लावते, तसा भारताने का लावू नये? आणि २००३ मध्ये लिहिलं की सीमा कोणत्याच सरकारच्या आटोक्यात राहिलेल्या नाहीत; मालासाठी जागतिक व्यापार संघटना आहे तशी माणसांच्या ये-जा करण्यासाठीही एक जागतिक संस्था हवी.

आता बडोद्याकडे येतो, कारण हा हिशेब आपल्या गावात भगवतींच्या जन्माआधी एकवीस वर्षं मांडला गेला होता. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबियाला जायला शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात करारनामा: परतल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानची नोकरी. दहाच वर्षं! फरक इतकाच की भगवती पैसा मागतात आणि महाराज माणूस मागत होते. विद्यापीठही तेच निघावं, हा योगायोग.

करार पाळायला आंबेडकर १९१७ मध्ये इथे आले. नोकरी होती, पगार होता. शहराने राहायला खोली दिली नाही. अकराव्या दिवशी परत.

तर मंडळी, जो गेला त्याच्याकडे आपलं काही येणं निघतं का? निघत असेल तर नेमकं कोणाचं? २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत कर नेला आणि पुढच्याच महिन्यात नव्या एच-वन-बी (तिकडे नोकरीला जायच्या व्हिसाच्या) अर्जावर एक लाख डॉलर शुल्क. दोन्ही ट्रे एकदम टेबलावर. म्हणून धागा काढला.

॰॰॰

जर्सीची_जाई

काका, लेख छान, पण येणं वसूल करायला तुम्ही चुकीच्या दारावर आलात.

मी बडोद्यातल्या मांजलपूरची, इथे अमेरिकेत सात वर्षं. दर पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटी कापली जाते, तेवढेच कंपनी भरते. पेन्शनचा हक्क मिळायला साधारण दहा वर्षांची नोकरी लागते. एच-वन-बी मुळात सहा वर्षांचा. ग्रीन कार्डाची, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याची, फाइल पुढे सरकली नसती आणि मी परत आले असते, तर ते सगळे पैसे इथल्या आजी-आजोबांना दक्षिणा. जर्मनी, फ्रान्स, बेल्जियमबरोबर भारताचा यासाठी करार आहे, अमेरिकेबरोबर नाही. म्हणजे दोन्ही मिळून १२.४ टक्के असा भगवती-कर मी भरतेच आहे, फक्त उलट्या दिशेने, गरीब देशाच्या माणसाकडून श्रीमंत देशाला.

आणि प्रीमियमचं म्हणाल तर ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहून बघा. नोकरीवाल्यांसाठी वर्षाला १ लाख ४० हजार, त्यात कुठल्याही एका देशाला जास्तीत जास्त ७ टक्के. भारताला सात, आइसलँडलाही सात. मालाच्या व्यापारात असला कोटा कोणी लावला असता तर तुमच्या प्राध्यापकांनी त्यावर तीन लेख लिहिले असते.

रागावून नाही लिहिलं. थोडं रागावूनच लिहिलं.

॰॰॰

कांदेबहाद्दर

बडोदेकरांनी येण्याची भाषा करावी! १८७५ साली आमच्या कवळाण्यातून गोपाळ नावाचा पोरगा उचलून नेलात आणि सयाजीराव केलात. त्याच्यावर दहा टक्के धरा, दीडशे वर्षांचं व्याज लावा, आणि मालेगाव तालुक्याला पाठवून द्या. मग पुढचं बोलू.

बाकी तो पीक वाढून गरीब होण्याचा सिद्धांत वाचायला केंब्रिजला जायची गरज नाही. लासलगावच्या लिलावात सकाळी दहा वाजता या. पन्नास ट्रॅक्टर जादा आले की भाव बसलाच.

॰॰॰

रावपुराकर

जाई, सोशल सिक्युरिटीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. माझ्या काउंटरवर आलेला पैसा दिसायचा, तिकडे कापून राहिलेला दिसायचं कारण नव्हतं. धाग्याचं सार्थक झालं.

कांदेबहाद्दर, कवळाण्याचं मान्य, हप्ते बांधून द्या. पण लिलावाचं उदाहरण जरा वेगळं आहे. भगवतींचा सिद्धांत सबंध देशाच्या निर्यातीने जगातला भाव पडण्याबद्दल आहे. तुमच्या कांद्याला जगाच्या भावापेक्षा दिल्लीचा निर्णय जास्त पाडतो. २०२३ च्या डिसेंबरात निर्यातबंदी आली, २०२४ च्या मेमध्ये उठली. ते प्रकरण रामस्वामींबरोबरच्या लेखात बसतं. शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा परवडत नाही ना, मग त्याच्या हाती पैसे द्या. शेतकऱ्याचं बंदराकडचं दार का बंद करता? गच्चीवरची तोटी ती हीच.

॰॰॰

कांदेबहाद्दर

तोटी पटली. हप्ते नकोत, एकरकमी द्या.

॰॰॰

सराफा_इंदूर

अवांतर आधी उरकतो. भगवतींचाच आणखी एक शब्द प्रसिद्ध आहे, १९९५ चा: स्पॅगेटी बोल. देशादेशांमधले सुटे सुटे व्यापार करार वाढत गेले की कुठल्या मालावर कुठून आला म्हणून किती कर, याचा गुंता होतो आणि एक धागा ओढला की दहा हलतात. बडोदेकरांनी याला शेवउसळ म्हणावं, आम्ही पोह्यांवरची शेव म्हणू. इंदूरच्या शेवेचा गुंता होत नाही, ती कुरकुरीत असते, हेही नोंदवून ठेवा.

आता मुद्दा. माल आणि माणूस हे दोन वेगळे ट्रे नाहीतच, असं १९५७ मध्ये रॉबर्ट मुंडेल या अर्थशास्त्रज्ञाने दाखवलं. एकाची वाट अडवली की दुसरा निघतो. मालावर कर लावा, तर तो माल बनवणारं भांडवल आणि मजूर सीमा ओलांडायला बघतात. माणूस अडवा, तर त्याच्या हातचा माल सीमा ओलांडतो. आमच्याकडे सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिसचे कॅम्पस आहेत. माझा भाचा तिथे बसून रात्री साडेनऊला अमेरिकेतल्या विमा कंपनीचं काम करतो. त्याच्या आधीच्या पिढीतला माझा भाऊ त्याच कामासाठी विमानाने गेला होता. एक लाख डॉलर शुल्क लावल्याने काम थांबत नाही, विमानाऐवजी तारेने जातं.

एक शंका. भाचा गेलाच नाही, मग त्याच्यावर भगवती-कर नाही. भाऊ गेला म्हणून त्याच्यावर कर. काम तेच, गिऱ्हाईक तेच. हे कसं?

॰॰॰

रावपुराकर

फरक पगारात आहे, सराफाशेठ. भाच्याला इंदूरचा पगार मिळतो, भावाला डॅलसचा मिळत होता. भगवतींचा हात त्या फरकाच्या खिशात आहे. शिवाय भाचा इंदूरला आयकर भरतोच, पेट्रोलवर भरतो, आणि सराफ्यात रात्री बाराला जे काही खातो त्यावरही.

मुंडेलशी मात्र मी काउंटरवरून भांडेन. त्याच्या गणितात एक आला की दुसऱ्याची गरज संपते. माझ्या अनुभवात माणूस गेला की त्याच्या मागोमाग माल जातो. आफ्रिकेत, लंडनमध्ये चरोतरचे पटेल गेले आणि मागून मसाले, पापड, कपडा गेला. मकरपुऱ्यातल्या एका कारखानदाराला पहिलं परदेशी गिऱ्हाईक मिळालं ते मेहुण्याच्या ओळखीने. मेहुणा तिकडे कुठल्याशा कंपनीत खरेदी बघायचा. हे मी लेटर ऑफ क्रेडिटवर वाचलेलं नाही, चहाच्या टपरीवर ऐकलेलं आहे. पुढच्या संशोधकांनीही हे धरलं आहे, की स्थलांतरितांचं जाळं असलेल्या देशांत व्यापार वाढतो. ओळख हे काही आयात करता येणारं सामान नाही.

॰॰॰

डभोई_नॅरोगेज

माल आणि माणूस एकाच रुळावरून कसे मोजतात, त्याची गंमत.

१८६२ साली गायकवाडांनी डभोई ते मियागाम रूळ टाकला, त्यावर डबे बैल ओढायचे. इंजिन नीट चालायला लागलं १८७३ मध्ये. तर इंग्रजांच्या काळातल्या रेल्वेने व्यापार किती वाढला, हे डेव्ह डोनाल्डसन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने मिठावरून काढलं. मीठ ठरावीक जागीच पिकतं. तेव्हा जिथे पिकतं तिथला भाव आणि दूरच्या जिल्ह्यातला भाव यातला फरक म्हणजे वाहतुकीचा खर्च. रेल्वे आली की फरक घटतो. एवढ्या साध्या गोष्टीवर केवढा मोठा लेख.

आणि माणसं कशावरून मोजली? २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत अनारक्षित डब्यांच्या तिकिटांवरून. कामासाठी वर्षाला सुमारे ९० लाख लोक एका राज्यातून दुसऱ्यात जातात, असा अंदाज निघाला. मिठाचा भाव आणि जनरलचं तिकीट. रेल्वेत बत्तीस वर्षं काढूनही मला यातलं काही सुचलं नव्हतं.

॰॰॰

अलकापुरी_अड्डा

इथे अलकापुरीत चौकाचौकात आयएल्ट्सचे, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचे, क्लास. २०२४ ला कॅनडाने विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली तेव्हा आमच्या बिल्डिंगमधला बोर्ड एका रात्रीत बदलला. आता त्यावर जर्मनीचा झेंडा आहे, सर मात्र तेच. सर स्वतः कधी कुठे गेलेले नाहीत. दमणला गेले होते.

॰॰॰

सुनंदा_कोठी

सगळा धागा वाचला. बँक झाली, कांदा झाला, मीठ झालं, व्हिसा झाला. देशातलं सगळ्यांत मोठं स्थलांतर कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

२०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित निघाले. त्यांत बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त, आणि त्यांचं मुख्य कारण एकच: लग्न. मी त्यातलीच. माण तालुक्यातलं गाव, १९८४ ला लग्न होऊन बडोद्यात कोठीवर आले. एक ट्रंक, एक वळकटी आणि आईने दिलेला पितळी डबा. शेजारणीने दुसऱ्या दिवशी बटाका पौआ दिले, त्यात साखर! मी नवऱ्याला विचारलं, इथे मीठ संपलंय का. आता मीच साखर घालते आणि माहेरी गेले की भावजय तोंड वाकडं करते.

मार्क रोझेन्झ्वाइग आणि ओडेड स्टार्क या अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये दख्खनच्या कोरडवाहू गावांवर लिहिलंय. ज्या घरांची शेती बेभरवशाची, ती घरं लेकी लांब देतात. कारण माहेरचा आणि सासरचा पाऊस एकाच वर्षी हुकण्याची शक्यता कमी. लेक म्हणजे विम्याचा हप्ता, असं सरळ भाषेत. वाचलं तेव्हा आधी संताप आला. मग १९८७ आठवलं. आमच्याकडे पाऊस फिरकला नाही, बैल विकायची वेळ आली होती. ह्यांनी दोन वेळा मनीऑर्डर केली, मी मागितली नव्हती. दुसऱ्या वेळी वडिलांनी फॉर्मच्या तळाच्या चिठोऱ्यावर सही करून पोच पाठवली, त्यावर एक शब्द जास्तीचा लिहिला नव्हता. बैल राहिले.

रावपुराकर, माझ्यावर दहा टक्के कोणाचे?

॰॰॰

चोखंदळ

सुनंदाताई, तुमच्या प्रतिसादाचा स्वतंत्र धागा व्हायला हवा.

बाकी एक चिल्लर माहिती. अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमनचा १९७९ चा गाजलेला व्यापारावरचा लेख दुसऱ्या नियतकालिकाने नाकारला होता. भगवती ज्याचे संस्थापक संपादक, त्या नियतकालिकाने तो छापला, परीक्षकांचे शेरे वाईट असतानाही. क्रुगमनला २००८ ला नोबेल मिळालं. भगवतींना नाही. अमेरिकेतल्या एका कार्टून मालिकेत मात्र त्यांना मिळालेलं दाखवलं होतं. संपादकाची जातच अशी.

॰॰॰

कामाठीबाग

रावपुराकर, तुमच्या लेखातला शेवटचा भाग नीट लिहायला हवा होता. ‘शहराने खोली दिली नाही’ या एका ओळीत तुम्ही तो उरकलात. मालाच्या फाइलीला चार ओळी मिळाल्या.

बाबासाहेब आले तेव्हा नोकरी संस्थानच्या हिशेब खात्यात होती. हिंदू खाणावळीत घेणार नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून उतरले. वरच्या मजल्यावर एकटेच, दिवसा कचेरी आणि रात्री पुस्तक. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगितलं. एक हिंदू मित्र होता, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या परीने टाळलं. मग गाडीची वेळ होईपर्यंत पाच तास ते कामाठी बागेत बसून होते. त्या आठवणी त्यांनी पुढे इंग्रजीत लिहिल्या, आणि टिपणाला नाव दिलं ते व्हिसाची वाट पाहण्याचं. स्वतःच्याच देशात. स्थलांतराच्या धाग्यावर हे आधी यायला हवं होतं.

आणखी एक. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, त्यांनी भारतातल्या लहान जमीनधारणांवर लेख लिहिला. जमिनीचे तुकडे जोडून काही होणार नाही, शेतीवर रिकामे हात जास्त झालेत, ते उद्योगाकडे वळले पाहिजेत, असा त्याचा रोख. अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईसने १९५४ मध्ये जास्तीच्या मजुरांवर जी मांडणी केली आणि १९७९ ला ज्याला नोबेल मिळालं, तिच्या छत्तीस वर्षं आधी. तुमच्या विषयातला पहिला मोठा बडोदेकर प्राध्यापक तोच होता. आपण त्याला अकरा दिवस ठेवून घेतलं.

करारनामा मोडला तो कोणी, हा प्रश्न विचारा. येणं कुणाकडे ते आपोआप कळेल.

॰॰॰

रावपुराकर

कामाठीबाग, चूक कबूल. उरकलंच मी. खरं सांगायचं तर तो परिच्छेद आधी मोठा होता, भगवतींचा मुद्दा सुटतो म्हणून कापला. उलट करायला हवं होतं.

आणि तुमच्या प्रश्नाने माझा प्रश्न उलटा झाला आहे. भगवतींच्या गणितात देश पैसा गुंतवतो, माणूस नफा घेऊन जातो. ज्याला देशानेच जिन्यावरून खाली उतरवलं त्याचा रकाना त्या गणितात नाही.

॰॰॰

झाबुआ_बस

सुनंदाताईंनंतर मीही एक जोडतो. मी बांधकाम ठेकेदार, माणसं रोज सकाळी कडियानाक्यावरून उचलतो. दाहोदची असतात, झाबुआची असतात. होळीला सगळी परत जातात, तेव्हा शहरात एक वीट हलत नाही. त्यांना व्हिसा लागत नाही, पण परवापरवापर्यंत रेशन कार्ड झाबुआत आणि पोट बडोद्यात अशी गत होती. एक देश एक रेशन कार्ड योजनेने कागदावर ते सुटलंय. नाक्यावर विचारलं तर दहातल्या तिघांनीच इथे धान्य उचललेलं. बाकीच्यांचं म्हणणं, कार्डावर घरचे गावी उचलतात, मग आम्ही इथे काय खायचं? मुद्दा बरोबर आहे, मला उत्तर देता आलं नाही.

तुमचे प्राध्यापक सीमेच्या पलीकडे गेलेल्या डॉक्टरबद्दल लिहितात. माझा माणूस राज्याची सीमा ओलांडून आला तरी परदेशीच.

॰॰॰

जर्सीची_जाई

झाबुआ_बस, तो कार्ड वाटून घेण्याचा पर्याय आहे बरं का. एकाच कार्डावर थोडं धान्य इथे आणि उरलेलं घरच्यांना गावी उचलता येतं. नाक्यावर सांगून बघा.

काका, एक विचारायचं होतं. तुमचंही कोणी बाहेर आहे का?

॰॰॰

रावपुराकर

आहे. मुलगी, ह्यूस्टनला. तिच्या पासपोर्टावर शिक्का मारायची वेळ आली तोवर तो शिक्का बंद झाला होता, कार्डात डॉलर भरून मिळायला लागले होते. फुंकर घालायला काही उरलं नव्हतं.

ती दर महिन्याला पैसे पाठवते. मी नको म्हणतो, ती पाठवते. बाहेरून पैसा आला की बँकेला त्याचं कारण कोडमध्ये नोंदवावं लागतं. एकोणीस वर्षं मी इतरांचे कोड भरले, आता माझ्या खात्यावर येतो: पी १३०१. कुटुंबाचा निर्वाह आणि बचत. निर्वाह माझा पेन्शनवर चालतो. म्हणून मी त्या पैशांची मुदत ठेव करतो, नॉमिनी तीच. घरात हे अजून सांगितलेलं नाही, आणि आमच्या सौ. ही साइट वाचत नाहीत असं मी धरून चाललोय.

म्हणजे पैसा ह्यूस्टनहून निघतो, रावपुऱ्यात थोडा बसतो आणि परत तिच्याकडे जाणार. यावर भगवती काय म्हणाले असते कोण जाणे.

॰॰॰

सुनंदा_कोठी

तुमच्या सौ. वाचतात. भिशीत भेटल्या होत्या.

॰॰॰

जर्सीची_जाई

मीही आत्ता घरी फोन केला, बाबांना विचारलं माझ्या पैशांचं काय करता. म्हणाले, पासबुक भरायला दिलंय, सोमवारी बघून सांगतो.